सहा वर्षं पत्र्याखाली उभी असलेली एमएम ५४० : सुरुवात कुठून करू?

केरीकर

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी १९९१ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. प्यूजोचं डिझेल इंजिन, फोर बाय फोर. बाबांनी ती १९९८ मध्ये सेकंडहँड घेतली. कुळागरातली (म्हणजे आमच्या बागायतीतली) सुपारी, काजूच्या हंगामात भट्टीवर न्यायचे बोंडू, चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान, गावात कोणी आजारी पडलं तर रात्रीबेरात्री वाळपई, सगळं तिनेच ओढलं. मग बाबांच्या गुडघ्यांना क्लच झेपेना, मी नोकरीला पुण्यात. सहा वर्षांपूर्वी मांगराला (बागेतल्या खोपटाला) लागून पत्रा घातला आणि तिथे ती उभी केली, ती अजून उभीच आहे.

आता मी कायमचा गोव्यात, सत्तरीतल्या केरीला परत आलोय. गाडीची अवस्था सांगतो. चारही टायर बसलेत. ब्रेकचं पॅडल दाबलं की थेट फळीला टेकतं. पुढच्या डाव्या चाकामागे जो गोल गोळा असतो त्यातून काळं ग्रीस गळून जमिनीवर डाग पडलाय. उभी करण्याआधीच एक रोग होता: चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग असं हादरायचं की गाडी थांबवल्याशिवाय ते शांत व्हायचं नाही. टाकीत अर्धं डिझेल तेव्हाचंच आहे. इंजिन तेव्हा उत्तम होतं, एका सेल्फला उठायचं.

दोन मेस्त (मेकॅनिक) बघून गेले. एक म्हणाला इंजिन बदला, दुसऱ्याने भंगाराचा भाव सांगितला. बाबा दोन्ही वेळा काही न बोलता आत निघून गेले. म्हणून ठरवलंय की शनिवार-रविवार लावून स्वतःच करायची. बाबांची पान्यांची पेटी आहे, जॅक आहे, ग्रीसगन आहे. यूट्यूब बघून घरच्या बाइकचं बरंच काम केलंय, जीपचं शून्य.

नवी बॅटरी कालच आणली. उद्या रविवार. ताजं डिझेल घालून सेल्फ मारून बघू का?

जुना फोरमन

बाळा, उद्या सेल्फ मारू नकोस. बॅटरी चार्ज करून घरात ठेव.

मी १९८६ ते २०१२ डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वर्कशॉपात होतो. खाणी बंद पडल्या तेव्हा बाहेर पडलो. आमची मुख्य कामं टिपर आणि लोडरची, पण साहेब लोकांना आणि सर्व्हेवाल्यांना फिरायला जीपा होत्या, त्यात चार ५४०. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात त्याच धुळीचा राबडा. त्या चार गाड्यांचा नट न् नट माझ्या हाताखालून गेलाय, म्हणून हक्काने लिहितो.

तू विचारतोस गाडी चालू कशी करू. मी म्हणतो, ती थांबेल कशी ते आधी बघ. प्यूजोचं हे एक्सडीपी इंजिन, २११२ सीसीचं, चिवट आहे. दोन महिन्यांनी उठवलंस तरी रुसणार नाही. पण एकदा का ते धडधडायला लागलं की तुला राहवणार नाही, तू गिअर टाकणार. आणि केरीत सपाट जागा किती आहे ते मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांनाही राहवणार नाही. म्हणून आधी ब्रेक.

ब्रेकसाठी चाकं उचलावी लागणार, तेव्हा पाना हातात घेण्याआधी हे वाच. १९९३ चा जून. एका ५४० चं मागचं डावं चाक उचललं होतं. हँडब्रेक ओढलेला, गिअर पहिला. चेसिसखाली आधाराला चिरा (बांधकामाचा जांभा दगड) ठेवला, कारण आपल्याकडे हात लांब केला की चिराच लागतो. ड्रम निघत नव्हता म्हणून हातोडी मारली, आणि जीप वीतभर पुढे सरकली. चिरा मधोमध फुटला, गाडी खाली बसली. मी खाली नव्हतो, बाजूला उकिडवा बसलो होतो. उजव्या हाताची करंगळी ड्रमखाली सापडली. ती आजही सरळ होत नाही. पाच मिनिटांपूर्वी माझं डोकं चेसिसखाली होतं.

हँडब्रेक ओढलेला असताना जीप सरकली कशी? या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथून निघतो तिथे एक छोटा ड्रम असतो, ब्रेक त्याच्यावर. तो शाफ्टला धरून ठेवतो. पण मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी अॅक्सलमधली गिअरची पेटी) त्या चाकाला उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक पुढे जायला मोकळं होतं. शाफ्ट जागचा हलत नाही, गाडी मात्र चालते. गिअरमध्ये ठेवूनही तेच, कारण गिअरही शाफ्टच धरतो. तुझ्या गाडीखाली वाकून बघ, तो ड्रम दिसेल.

म्हणून उरलेल्या तिन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडाच्या पाचरी. आधाराला लोखंडी स्टँडची जोडी, तीही अॅक्सलच्या नळीखाली. चिरा भिंतीत सगळीकडून सारखा दाबला जातो म्हणून घर पेलतो. लोखंडाची कड दोन बोटं जागेवर टेकली की तो फुटतो, आणि पावसात भिजलेला तर आधी सांगतही नाही. स्टँड मिळेपर्यंत काम सुरू करू नकोस. आणि चाकाचे नट सोडताना स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला आहे का ते पाहा. जुन्या जीपांच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात. ते माहीत नसल्यामुळे पान्यावर पाइप चढवून स्टड मोडणारे मी पुष्कळ पाहिले.

ड्रम काढलास की आत काळी पूड असेल. ती फुंकू नकोस, त्यावर हवा मारू नकोस. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या थरात) अॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. याच पुडीत आणखी एक वस्तू असते, ती तुला आवडेल. ब्रेकची पकड तापल्यावरही सारखी राहावी म्हणून लायनिंगमध्ये जी भुकटी घालतात, ती काजूच्या टरफलातल्या तेलापासून करतात. बाबांनी इतकी वर्षं त्या जीपने काजू ओढले, आणि चोर्ल्याच्या उतारावर तिला थांबवायलाही काजूच होता.

आता व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर ढकलणारा चाकातला छोटा सिलिंडर. दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या उचलून बघ. आत ओल दिसली तर सिलिंडर उघडायचा. आतली भिंत बोटाला गुळगुळीत लागली तर नवी रबरं घालून चालेल. खड्डे लागले तर नवा सिलिंडरच आण, घासून वापरू नकोस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि तुझ्या गाडीने सत्तरीचे सहा पावसाळे खाल्लेत. तेच पाणी नळ्यांना आतून गंजवतं, बाहेरून रंग शाबूत दिसतो. मागच्या अॅक्सलवरची आणि चेसिसच्या आतल्या कडेची, जिथे चिखल साचतो तिथली नळी नखाने खरवड. मी म्हणेन सगळ्या नळ्या आणि रबरी होज नवेच घाल. तुझ्या ब्रेकला एकच सर्किट असेल तर एक जोड सुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. जुना होज आतून फुगतो, मग ऑइल चाकाकडे जातं पण परत येत नाही, चाक आवळून बसतं आणि माणूस उगाच शू घासत राहतो.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पॅडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू कर: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काचेच्या बरणीत थोडं ऑइल, त्यात बुडवलेली पारदर्शक नळी. पॅडलवर बाबांना बसव. ‘दाबा, धरा, सोडा’ एवढंच काम आहे, गुडघ्याला झेपेल. त्यांना त्या सीटवर बसायला कारण हवं आहे, तू लिहिलंयस त्यावरून मला तरी तसं वाटलं.

इंजिनचं आणि त्या गोळ्याचं रात्री लिहितो, जेवायला बोलावतायत.

म्हापशेकर

फोरमनकाका लिहितील ते ऐक. माझी फक्त एक भर. माझ्या सीजे ५०० डी जीपचा सेल्फ मरतुकडा फिरायचा. एका ठिकाणी नवा सेल्फ गळ्यात मारला, तरी तेच. शेवटी कळलं की इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थची वेणी गंजून हिरवी झाली होती. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. नवी बॅटरी लावण्याआधी ती वेणी काढ, दोन्ही टोकांची जागा लोखंड चमकेपर्यंत घास, बोल्ट आवळ, वरून ग्रीस लाव. आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या गाड्यांचे निम्मे विजेचे रोग अर्थमध्येच सापडतात.

जुना फोरमन

म्हापशेकरांचं खरं आहे. ते पहिल्याच दिवशी कर.

आता इंजिन. टाकी पूर्ण रिकामी कर, अर्धी नाही. तळाशी पाणी असेल आणि पाणी-डिझेलच्या मध्ये काळी बुळबुळीत साय. ती एकदा फिल्टरपुढे गेली की पंप आणि नोझलचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचा) खर्च गाडीच्या किमतीएवढा होतो. टाकी उतरवून धू, उन्हात वाळव, मगच ताजं डिझेल. फिल्टर नवा, इंजिन ऑइल नवं.

मग स्टॉपर. डॅशबोर्डखालची जी तार ओढून तू इंजिन बंद करायचास, ती सहा वर्षांत नक्की अडकली असेल. हे जुनं डिझेल इंजिन चावीने बंद होत नाही, पंपावरचा दांडा हलला तरच होतं. बॉनेट उघडून एकाला तार ओढायला सांग आणि दांडा पूर्ण जातो-येतो ते डोळ्यांनी बघ. तरीही पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेव आणि हाताशी एक सपाट फळी ठेव. इंजिन आपोआप वर चढायला लागलं आणि स्टॉपरला ऐकेना, तर फळी हवेच्या तोंडावर दाबून धरायची. हवा बंद झाली की ते मरतं. तळहात लावायचा नाही, ओढून घेतं.

सेल्फ मारण्याआधी चारही हीटर प्लग (थंड इंजिन उठवायला आत तापणारे) काढ. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल, आणि दोन दिवस तसंच राहू दे. मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरव. दोन पूर्ण फेरे सहज झाले तर देवाला नारळ ठेव, तुझं इंजिन जिवंत आहे. अडलं तर जोर करू नकोस, पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. फिरलं की प्लग बाहेरच ठेवून, स्टॉपर ओढलेला ठेवून सेल्फ मार, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. तोंड त्या भोकांपासून लांब ठेव, जुनं तेल पिचकारीसारखं उडतं. मग प्लग बसव.

डिझेलची हवा काढायची ती फिल्टरवरच्या हातपंपाने. फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत, नंतर नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ. नट ओले झाले की आवळ. तिथे बोट नेऊ नकोस. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं, वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो.

उठल्यावर वीस मिनिटं नजर पाण्यावर. रेडिएटरचं झाकण आधीच उघडं ठेव. पाणी तापल्यावर सारखे बुडबुडे येत राहिले तर हेडचं पॅकिंग गेलंय, तेव्हा बंद कर आणि इथे विचार.

आता तुझा खरा रोग, ते हादरणारं स्टिअरिंग. दहातले नऊ जण आधी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. बॉक्स जड होतो, लवकर झिजतो, आणि हादरा तसाच राहतो. बॉक्सला शेवटी हात लावायचा. आधी टायर. सहा वर्षं एका जागी दबलेले टायर गोल राहत नाहीत, आणि बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे बघितलेस की आठवडा आणि वर्ष कळेल. ते फेकच.

मग पुढचं चाक उचल, वर आणि खाली हात धरून आत-बाहेर हलव. खडखड लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा. बघ, इथेही ब्रेक आधी लागतो.

तुझा किंगपिनच निघेल असं मला वाटतं, कारण गळणारा गोळा आणि हादरा एकाच घरातले. तो गोळा म्हणजे नकल. त्याच्या आत चाकाला फिरवणारा जोड, वर-खाली दोन किंगपिन, त्यांचे बेअरिंग. बाहेरून नमदा आणि रबराचं सील गोळ्याला पुसत राहतं. सील गेलं की आतलं तेल-ग्रीस बाहेर, ओढ्याचं पाणी आत. पाणी गेलं की बेअरिंग झिजतात, किंगपिन सैल होतो, आणि खड्डा लागला की दोन्ही चाकं थरथरायला लागतात.

किंगपिनच्या टोपीखाली कागदासारखे पातळ पत्रे असतात, शिम. बेअरिंग चांगलं असेल तर एखादा शिम काढून ढिलाई जाते. खराब असेल तर नवं बेअरिंग आणि शिम परत मोजून. टाय रॉड सोड, सील मोकळं कर आणि नकल नुसत्या हाताने डावीकडून उजवीकडे फिरव. जरा जड, पण सगळीकडे सारखं जड हवं. मध्येच अडकलं तर बेअरिंगमध्ये खाच पडलीय. हे काम घाईचं नाही. मी एका नकलवर सकाळपासून दुपारचा भोंगा होईपर्यंत बसलोय.

गोळ्याच्या पृष्ठभागाकडेही बघ. गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिन्याभरात फाडतील. बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घास, तळहात फिरवल्यावर काही टोचता कामा नये.

शेवटी चाकांचा टो, म्हणजे पुढची दोन चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते. त्याला मशीन लागत नाही. दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या अंगाला, हबच्या उंचीवर, मध्यावर खडूने खूण कर आणि टेपने अंतर मोज. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकल म्हणजे त्याच खुणा पुढे येतील, परत मोज. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी हवं. एवढं जमलं की स्टिअरिंग बॉक्सला हात लावायची वेळ बहुतेक येणारच नाही.

कुळेकर

कुळ्याहून. आमच्या घरात दूधसागरवर जीप चालवणारी ही दुसरी पिढी. पावसाळ्यानंतर ट्रिपा सुरू होतात ते थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, आणि प्रत्येक फेरीत जाता-येता ओढे. त्यामुळे पाण्याचं मला सांगू द्या, ते फोरमनकाकांनी ओझरतं लिहिलंय.

डिफरन्शियलच्या डोक्यावर एक बारीक ब्रीदर असतो, मटाराएवढी टोपी. रस्ता चढून आलेलं डिफरन्शियल गरम असतं, आतली हवा फुगलेली. तसंच ओढ्यात घातलं की एकदम गार होतं, हवा आकसते आणि बाहेरून ओढायला लागते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तिथून हवा घेते. चिखलाने बुजला असेल तर सीलच्या ओठातून पाणी ओढते. म्हणून माणूस म्हणतो, सील तर गेल्या महिन्यात घातलं, पाणी शिरलं कुठून.

आम्ही दोन्ही ब्रीदर काढून तिथे नळी जोडतो आणि ती चेसिसवरून वर, सीटच्या उंचीपर्यंत नेतो. तोंड खाली वळवायचं, वर फडक्याचा तुकडा बांधायचा. आणि ओढ्याच्या काठावर दोन-चार मिनिटं थांबायचं. पर्यटकांना वाटतं आम्ही फोटोसाठी थांबलो.

तुमच्या केरीकडच्या ओढ्यांतून सुपारी आणायला घालणार असशील तर प्रत्येक पावसाळ्यानंतर दोन्ही डिफरन्शियलचा खालचा बोल्ट थोडा सैल कर. आधी पाणी थेंबलं किंवा तेल दुधाच्या चहासारखं आलं, तर सगळं बदल. नुसतं वरून तेल घालून भागत नाही.

आणखी एक. फोर व्हील डांबरी रस्त्यावर टाकून ठेवू नकोस. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नाही, सगळा पीळ क्रॉस (शाफ्टचे जोड) आणि गिअरवर येतो. मग लिव्हर निघत नाही आणि लोक त्याला लाथा घालतात. रिव्हर्स घे दोन हात, आपोआप सुटतो.

केरीकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल सेल्फ मारला नाही. बाबांना फोरमनकाकांचं सगळं वाचून दाखवलं. काजूच्या टरफलाचं ऐकून ते उठून मांगराकडे गेले आणि मागच्या चाकावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

हँडब्रेकचा ड्रम शाफ्टवरच आहे, वाकून बघितला. आधाराला चार चिरे मी आधीच आणून ठेवले होते. ते गडग्यावर (कुंपणाच्या दगडी भिंतीवर) परत लावले. स्टँडची जोडी म्हापशाला सांगितलीय.

एकच शंका. चेसिसला खालून गंजाचे पापुद्रे आहेत. आमच्याकडे सगळे म्हणतात जळकं इंजिन ऑइल मार, बाबाही तेच करायचे. करू का?

मांद्रेची जिप्सीवाली

करू नकोस रे दादा. माझ्याकडे १९९४ ची जिप्सी आहे, एमजी ४१०, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तीन वर्षं मी तेच जळकं ऑइल मारलं. पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बांधलेल्या रबरी बूशांची जेली झाली, वाळू त्या तेलाला चिकटून राबडा झाला, आणि त्या राबड्याच्या आत खारट ओल अडकून राहिली. एक दिवस ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली तर खाली रस्ता दिसत होता. शिवाय पहिल्या पावसात ते तेल धुऊन विहिरीकडे जातं. तुमचं तर कुळागर आहे.

चेसिस जिथे चौकोनी नळीसारखी बंद असते, तिथे ती आतून कुजते. बाहेरून कितीही रंग लावा. खालच्या बाजूला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, ती मातीने बुजलेली असणार. तारेने मोकळी कर आणि बागेचा पाइप आत घालून लाल पाणी संपून स्वच्छ पाणी येईपर्यंत धू. मी धुतलं तेव्हा घमेलंभर माती आली, त्यात शिंपले होते. चार-पाच दिवस उन्हात वाळव, हे मे संपायच्या आत कर. मग हातोडीच्या मागच्या टोकाने सगळीकडे ठोकत जा. टण्ण वाजलं तर लोखंड आहे. भद्द वाजलं तर तिथे पापुद्रा आहे, तो काढून बघ उरलंय किती. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेत तिथे भद्द वाजलं तर वेल्डर बोलाव, ती जागा स्वतः करायची नाही.

उरलेल्या ठिकाणी वायरब्रश, रेड ऑक्साइड, वर काळा एनॅमल. नळीच्या आत पातळ मेणाचं अँटी-रस्ट फवारायचं, ते मिळतं. दर पावसाळ्यानंतर एकदा. आणि वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी सुट्या, टाकी उतरवलेली. तुझी टाकी तशीही उतरणारच आहे.

केरीकर

दसरा झाला, म्हणून हिशेब द्यायला आलो. पाच महिने लागले.

मागच्या डाव्या व्हील सिलिंडरमधून ऑइल आलंच नाही, तपकिरी पाणी आलं. मागच्या अॅक्सलवरची नळी वाकवताच हातात तुटली. याच ब्रेकवर मी एकदा बाबांना आणि आजीला घेऊन अंजुण्याचा उतार उतरलोय. सगळ्या नळ्या, चारही सिलिंडर, होज नवे. हवा काढायला बाबा बसले. दुसऱ्या चाकापासून त्यांनी माझं ‘दाबा, धरा’ ऐकणं सोडलं आणि पॅडल कुठे कडक होतंय ते स्वतःच सांगायला लागले.

इंजिन पहिल्या दिवशी फिरलं नाही. चार दिवस तेल घालून ठेवलं, पाचव्या दिवशी पुलीवरचा पाना एकदम सैल झाल्यासारखा गेला. श्रावणात उठलं. फळी हातात धरून उभा होतो, लागली नाही. बुडबुडे नाहीत.

डावी नकल उघडली तर आत काळा चहा होता, ग्रीस म्हणण्यासारखं काही नव्हतं. खालच्या बेअरिंगचे रोलर एका बाजूने चपटे झालेले. काकांनी सांगितलेली ब्रेक दाबायची परीक्षा केली होती, खडखड तशीच राहिली होती, त्यामुळे कुठे बघायचं ते आधीच ठाऊक होतं. शिम तीनदा घातले, तीनदा काढले. टो आधी उलटा निघाला, पुढे चार मिलिमीटर उघडा. आता दोनवर आहे. रविवारी साखळीपर्यंत गेलो. पन्नासला मुद्दाम खड्ड्यातून घातली. एकदा ‘धप’, आणि पुढे सरळ. बाबा शेजारी होते, त्यांनी डॅशबोर्डची दांडी धरून ठेवली होती, ती साखळीच्या बाजारात सोडली.

एक गोष्ट राहिलीय. परत आल्यावर उतारावर हँडब्रेक धरत नव्हता. खाली बघितलं तर शाफ्टवरच्या ड्रमच्या खालच्या कडेला तेलाचा थेंब. घरी गावात उभी करताना चाकाला पाचर लावतोय तोवर.

जुना फोरमन

पोरा, खूप बरं वाटलं. चपटे रोलर फेकू नकोस, पेटीत ठेव.

तो थेंब ट्रान्स्फर केसच्या मागच्या सीलमधून येतोय. लायनिंग तेलाने भिजलं असेल तर धुऊन उपयोग नाही, नवं लाव. पण आधी सील, नाहीतर आठ दिवसांत तेच. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्याआधी शाफ्टवर, सरकणाऱ्या जोडाच्या दोन्ही बाजूंना आणि फ्लँजवर (शाफ्ट जिला बोल्टने जोडलाय त्या चकतीवर) छिन्नीने एका रेषेत खुणा कर, खडूने नको, पुसली जाते. ती रेष चुकवून बसवलास तर गाडी चाळिशीला गुणगुणायला लागेल आणि तू परत नकल उघडत बसशील. फ्लँज निघाली की तिच्या गळ्यावरून नख फिरव. सीलच्या ओठाने तिथे खाच पाडली असेल तर नवं सीलही गळणार. तेव्हा सील थोडं पुढे किंवा मागे बसव म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. खाच खोल असेल तर लेथवाल्याकडे ने.

केसच्या वरच्या अंगाला ब्रीदर आहे का ते पण बघ. तो बुजला असेल तर दाब सीलमधूनच वाट काढतो. कुळेकरांची नळी तिथेही जोडता येते.

मागचं चाक उचलायची गरज नाही या कामाला. चारही चाकं जमिनीवर, चारही चाकांना पाचरी, कारण शाफ्ट सुटला की हँडब्रेकही नाही आणि गिअरही नाही.